अपूर्णांकांचा खेळ : वर्गासाठी एक विनामूल्य साधन

चिखली तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी ‘पाऊण एकर’ या शब्दाचा अर्थ कोणी विचारीत नाही. ४० गुंठ्यांचा एकर, तेव्हा पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे, हा हिशेब तेथे तोंडीच होतो. मात्र त्याच घरातील मुलाला ‘एक छेद चार’ व ‘एक छेद आठ’ यांत मोठा कोणता असे विचारले, तर तो पुष्कळदा दुसराच सांगतो. कारण चारापेक्षा आठ मोठे!

ही अडचण दूर करण्यास संगणकावरील गणिती खेळांचे चांगले साहाय्य होते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प असे खेळ विनामूल्य उपलब्ध करून देतो. ब्राउझर असलेल्या साध्या संगणकावर ते चालतात. अनेकांची मराठी भाषांतरेही झाली आहेत. अपूर्णांकांच्या खेळात विद्यार्थी एका वर्तुळाचे चार भाग करतो, मग त्याच वर्तुळाचे आठ. भाग वाढले की तुकडा लहान होतो, हे मग निराळे सांगावे लागत नाही. पुढे दिलेल्या अपूर्णांकाइतके तुकडे जुळवावयाचे असतात. चुकले तर पुन्हा जुळवावे. वहीवर लाल रेघ उमटत नाही.

हे खेळ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात. चिखलीत पेनड्राइव्हवर घेतलेला खेळ रेंज नसलेल्या गावच्या शाळेत दाखविता येतो. संगणक एकच असला तरी हरकत नाही. कळ दाबण्यापूर्वी शिक्षकांनी ‘आता तुकडा वाढेल की घटेल?’ असे विचारून हात वर करावयास लावावे व कारणही विचारावे. हा प्रश्न वगळला, तर उरते ती केवळ बटणांची गंमत. त्यानंतर चारपैकी तीन भाग रंगवून ४० गुंठ्यांचे उदाहरण वहीत सोडवून घ्यावे. जुन्या पिढीने पाठ केलेली पाऊणकी येथे पुन्हा उपयोगी पडते.

फुकट मिळणारा प्रत्येक खेळ मात्र वर्गात आणण्याजोगा नसतो. काहींत जाहिराती असतात, तर काहींत घड्याळाशी शर्यत. अशा शर्यतीत ज्याला आधीच येते तोच जिंकतो आणि मागे पडलेले मूल आणखी मागे सरते.

ग्रामपंचायतींनी शाळेला संगणक देताना वीजबिल व दुरुस्ती यांची तरतूदही त्याच ठरावात करावी. नारळ फोडून झाल्यावर कपाटात गेलेले संगणक थोडे नाहीत.