नाव कोणाचे, माल कोठला?

काजूचा हंगाम संपत आला म्हणजे गोव्याच्या बाजारपेठांतून काजूगरांच्या पाकिटांच्या राशी दुकानांच्या दाराशी दिसू लागतात. अशाच एका दुकानात आम्ही उभे असता परगावचे एक कुटुंब आत आले. त्यातील आईने विचारले, "हे काजू इथलेच ना?" दुकानदार क्षणभरही न थांबता म्हणाला, "अगदी आमच्या डोंगरावरचे, बाई!" ती मंडळी समाधानाने पैसे मोजून गेली. मग तो आमच्याकडे वळला आणि हसत म्हणाला, "बी आफ्रिकेतली असली म्हणून काय झाले? चव कोणाला कळते?"

त्या दुकानाचे नाव आम्ही सांगत नाही. खरे म्हणजे त्या हसण्यात आपल्यापैकी पुष्कळांचा थोडाथोडा वाटा आहे.

वाचकहो, आफ्रिकेतील काजू वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. आपल्या देशातील कारखान्यांना येथील पीक पुरत नाही. म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया अशा देशांतून कच्ची बी आणावी लागते. ती येथे भाजून, फोडून, सोलून विकणे हा सरळ व्यापार आहे व त्यावर अनेक बायाबापड्यांची चूल पेटते. शिवाय काजूचे झाडच मुळी आपले नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून येथे आणले. तेव्हा परकेपणा हा दोष नाही. दोष आहे तो त्या एका उत्तरात.

त्या उत्तराने दोघांचे नुकसान झाले. पहिले त्या परगावच्या मातेचे, कारण तिने गोव्याच्या काजूचा म्हणून भाव मोजला आणि तिला मिळाला दुसराच माल. दुसरे नुकसान सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत डोंगरउतारावर पहाटे उठून पडलेली बोंडे वेचणारे, बी पिळून वेगळी करणारे, ती उन्हात वाळवून पोत्यात भरणारे एखादे खेड्यातील कुटुंब असते. बाहेरची स्वस्त बी त्याच्याच गावाच्या नावावर खपू लागली, तर त्याच्या बीला चार पैसे अधिक देण्याची गरज व्यापाऱ्याला का भासावी? त्या कुटुंबाच्या श्रमांनी मिळविलेले नाव वापरले जाते आणि त्याचा मोबदला मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतो. सातवी आणि आठवी अशा दोन्ही आज्ञा एकाच वाक्यात मोडण्याचा हा प्रकार आहे.

स्थळाचे नाव ही त्या स्थळी राबणाऱ्यांची मिळकत आहे, हे आता कायद्यानेही मानले आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा आपल्या देशात 1999 साली संमत झाला व 2003 साली अंमलात आला. त्याखाली गोव्याच्या फेणीची नोंद 2009 साली झाली आणि 2023 साली गोव्याच्या काजूचीही झाली. नोंदलेले नाव खोटेपणाने वापरणे हा गुन्हा आहे. परंतु प्रत्येक दुकानाच्या फळीमागे शिपाई उभा राहू शकत नाही. तेथे माणसाची सद्सद्विवेकबुद्धीच हवी.

कोणी म्हणेल, "खरे सांगितले तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल." या भीतीला इतिहासाने एक चांगले उत्तर दिले आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफिल्ड गावच्या सुऱ्याकात्र्यांची मोठी ख्याती होती. जर्मनीतील काही कारखानदार आपल्या हलक्या मालावर शेफिल्डचे नाव ठोकून तो विकतात, अशी तेथील कारागिरांची तक्रार होती. तेव्हा 1887 साली ब्रिटनने कायदा केला आणि परदेशी मालावरील अशा फसव्या खुणांना बंदी घातली. मग 'जर्मनीत तयार केलेले' असा शिक्का त्या मालावर दिसू लागला. हा शिक्का पाहून लोक माल टाकतील अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. जर्मन कारागिरांनी माल सुधारला आणि थोड्याच वर्षांत तो शिक्का उत्तम मालाची खूण होऊन बसला. उसन्या नावाखाली राहिले असते, तर त्यांच्या सुधारणेचे श्रेयही शेफिल्डलाच गेले असते.

आमच्या बेळगाव भागातील वाचकांना याच जातीचा एक प्रश्न घरचा वाटेल. कोल्हापुरी चपला केवळ कोल्हापुरातच होतात असे नाही. अथणी, निपाणी येथील कारागीर पिढ्यान्पिढ्या त्या करीत आले आहेत. मग त्यांनी 'कोल्हापुरी' म्हणणे खोटे काय? मुळीच नाही. 2019 साली या चपलांना जे मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठही जिल्हे आहेत. येथे नाव एका गावाचे असले तरी कसब साऱ्या मुलुखाचे आहे: बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले चामडे आणि चामड्याच्याच वादीने हातांनी घातलेली शिवण. तेव्हा अथणीच्या कारागिराने "चप्पल कोल्हापुरी, केलेली अथणीची" असे ताठ मानेने सांगावे. खोटी ठरते ती यंत्रातून निघालेली, कृत्रिम चामड्याची, केवळ आकाराने कोल्हापुरी दिसणारी चप्पल.

आपल्यापैकी कोणी दुकान चालवितात, कोणी घरी पापड, लोणची, मसाले करून विकतात. त्यांना आमची विनंती एवढीच की कच्चा माल कोठला, घडविला कोठे आणि पाकीट भरले कोठे, या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत हे ओळखावे व विचारताच त्या निरनिराळ्या सांगाव्यात. घेणाऱ्यांनीही पाकीट उलटून पाहावे. त्यावर पत्ता छापलेला असतो, पण तो पुष्कळदा केवळ पाकीट भरणाऱ्याचा असतो. परदेशातून आलेल्या पाकीटबंद मालावर मूळ देशाचे नाव असावे लागते, तेही वाचावे. आणि खऱ्या गावच्या मालाला दोन पैसे अधिक पडले, तर ते कुरकुर न करता द्यावेत.

दुकानाच्या फळीशी आपली मुलेही उभी असतात. बाप गिऱ्हाइकाला काय सांगतो हे ती ऐकत असतात, आणि शिकवणीच्या वर्गात ऐकलेल्यापेक्षा ते त्यांच्या मनात अधिक खोल जाते.

"हे काजू इथलेच ना?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे काही कठीण नाही. "बाई, या पाकिटातली बी बाहेरची, भाजणी-सोलणी आमची, भाव कमी. त्या बरणीतले आमच्या डोंगरावरचे. भाव थोडा जास्त. दोन्ही चाखून पाहा आणि हवे ते घ्या." असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे ती माता पुढच्या वर्षी पुन्हा येईल असे आम्हांस वाटते. समजा न आली, तरी त्या रात्री त्याला झोप शांत लागेल.