एक टीम आधी, की सगळ्या एकदम?

स्क्रम म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत. ती आधी एकाच टीमवर करून बघतात, ती पायलट टीम. एका वाचक भगिनींनी विचारलंय : आमची पायलट टीम उत्तम चाललीये, मग बाकीची कंपनी जागची हलत का नाही?



पायलट टीमला निवडक माणसं मिळतात, वरिष्ठांचं लक्ष असतं, त्यामुळे ती चालतेच. अडतं ते तिच्या बाहेर. शुक्रवारी स्प्रिंट, म्हणजे दोन आठवड्यांचा टप्पा संपतो, बोर्डावरची कामाची चिठ्ठी 'डन'मध्ये जाते. पण डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवायचा तर दुसऱ्या विभागाची मंजुरी लागते, टेस्टिंगचा सर्व्हर तिसऱ्याच प्रोजेक्टकडे असतो आणि रिलीज निघतं तीन महिन्यांतून एकदा. दोन आठवड्यांत झालेलं काम ग्राहकाच्या हाती पडायला तिमाही उलटते. मग बाकीच्यांनी या टीमकडून शिकायचं तरी काय?

सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीपुढे २००६ मध्ये रिलीज लांबण्याचा हाच पेच होता. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही कंपनी सुरुवातीला वर्षाला चार मोठी रिलीज काढायची. माणसं वाढत गेली तसं हे प्रमाण वर्षाला एकावर आलं. त्यांनी एकेक टीम करत जायची वाट धरली नाही. तीसहून जास्त टीम तीन महिन्यांत एकदम स्क्रमवर आणल्या. हे धाडस खरंच, पण त्यामागे हिशेब होता. सगळ्या टीमचा कोड एकच, सगळ्या ग्राहकांना रिलीजही एकच. एका टीमने वेग वाढवून उपयोग नव्हता, बाकीच्यांसाठी तिला थांबावंच लागलं असतं. बदल राबवायला वेगळी टीम नेमली आणि तीही स्क्रमनेच काम करत होती. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

क्रिस फ्राय आणि स्टीव्ह ग्रीन यांनी २००७ मध्ये या अनुभवावर निबंध लिहिला. पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करू, हेही त्यात मोकळेपणाने सांगितलंय : प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना आधीपासून सामील करून घेऊ, प्रॉडक्ट ओनरना लवकर आणि कसून प्रशिक्षण देऊ, बाहेरचा प्रशिक्षक आधी बोलावू. यातला प्रॉडक्ट ओनरचा मुद्दा आपल्याकडे हमखास राहून जातो. दोन दिवसांचं ट्रेनिंग डेव्हलपरना मिळतं आणि काय बनवायचं हे ठरवणारा माणूस मात्र जुन्याच पद्धतीने वर्षभराची यादी हातात देतो.

सेल्सफोर्ससारखी उडी प्रत्येकाला जमणार नाही, पण एकट्या टीमचा वेग पुरत नाही हे तिथूनही दिसतं. म्हणून प्रश्न विचारणाऱ्या ताईंना माझं सांगणं, सगळ्या कंपनीचा विचार आत्ता नको. तुमची एक चिठ्ठी घ्या आणि 'डन' झाल्यापासून ग्राहकापर्यंत पोचेस्तोवर ती कुठे किती दिवस पडून राहिली ते तारखांसकट लिहा. सगळ्यात जास्त दिवस जिथे गेले, त्या विभागातला एक माणूस पूर्णवेळ तुमच्या टीममध्ये मागून घ्या. तो कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला की मागणी पटवायला सोपी जाते.