खुर्ची की भट्टी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनिअरच्या नोकरीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत महिनाभर हाच एक विषय चालू होता. दादाच्या हाती दोन पत्रे होती. एक शासनाच्या बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंत्याचे, दुसरे शिरोलीच्या एका फौंड्रीचे. सरकारी पत्राला उत्तर द्यायची मुदत ठरलेली होती.

"सरकारी हाय न्हवं, मग इचार कसला?" आबा म्हणाले. आबांची तीस वर्षे लेथवर गेली. अखेरीस कारखाना बंद पडला आणि चार महिन्यांचा पगार बुडाला. आज त्यांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून महिन्याला दोन हजारही मिळत नाहीत. त्यांच्या बोलण्यामागे हा अनुभव होता.

मात्र सरकारी पेन्शनही पूर्वीची राहिलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी जुनी योजना बंद झाली. तिच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला आणि २०२४ मध्ये शासनाने निश्चित निवृत्तिवेतनाचे पर्याय पुढे आणले. तरीही दर महिन्याचा पगार, रजा आणि नोकरीची शाश्वती, या बाबतीत सरकारचे पारडे जडच.

पण नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हे. फौंड्रीत दादाला साच्यात वितळलेले लोखंड कोठून शिरेल, कोठे आधी थिजेल, पोकळी कोठे राहील, हे संगणकावर पाहायचे होते. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी ओतीव मालात दिसते. माणूस तिथे झपाट्याने शिकतो. सरकारी अभियंत्याचे शिक्षण निराळे : अंदाजपत्रक, निविदा, कामावर देखरेख. त्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघत नाही. म्हणजे तिथे कौशल्याइतकाच ताठ कणा लागतो.

इतिहासाने दोन्ही वाटा दाखविल्या आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा ते बेळगावला आले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांनी सरकारी नोकरीतच बसविले. १९०८ मध्ये ते स्वेच्छेने निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी म्हैसूरचे मुख्य अभियंता बनले. आपल्या कोल्हापुराचेही तसेच. राधानगरीचे धरण दरबाराने हाती घेतले म्हणून झाले. ऑइल इंजिने मात्र उद्यमनगरच्या कारागिरांनी घडविली. धरण एकट्या कारखानदाराच्या आवाक्यातले नव्हे, आणि इंजिन काही फायलीतून जन्मत नाही.

मग निवड कशी करावी? दादाने एका रात्री वहीत तीन प्रश्न लिहिले. घरावर कर्ज किती? पाच वर्षांनी मला काय येत असेल? आणि निर्णय चुकला तर परत फिरता येईल का? तिसऱ्या प्रश्नाने निकाल लावला. सरकारी दाराला वयोमर्यादा आहे. एकदा बंद झाले की बंद. फौंड्रीचे दार पुढेही उघडेल; अट एवढीच, की हाताला गंज चढता कामा नये. शिवाय माझ्या आणि ताईच्या शिक्षणाचा भार त्याच्यावर होता. त्याने तो वहीत लिहिला नव्हता. पण मला ठाऊक होते.

दादा जूनमध्ये कोकणात रुजू झाला. आजही सुट्टीत घरी आला की तो एकदा तरी शिरोलीला चक्कर मारतो. आबा विचारत नाहीत, तोही सांगत नाही.

मित्रहो, पदवीनंतर आपल्यापुढेही असेच दोन कागद येतील. तेव्हा कोणता चांगला, असे इतरांना विचारण्यापूर्वी ते तीन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. आणि आपल्या निवडीची किंमत घरात कोण मोजत आहे, हा चौथाही विसरू नये.