पार्ट बसला, पण जुळला का?

बहरीन आणि अमेरिकन गाडी यांचं नातं तेलाच्या नात्याइतकंच जुनं म्हणायला हरकत नाही. १९३२ साली जबल दुखानला पहिल्या विहिरीतून तेल आलं ते अमेरिकन कंपनीच्या हातून. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या मंडळींना तर लांबलचक शेवरलेट कॅप्रिस नक्कीच आठवत असेल. थंडगार एसी, मागच्या सीटवर चार-चार मुलं आणि डिकीत सगळ्या सहलीचं सामान! त्यातल्या काही गाड्या आजही चालतात. पण त्या चालत्या ठेवायच्या तर सुटे भाग हवेत, आणि खरी गंमत (म्हणजे डोकेदुखी!) तिथेच आहे.

सनाबिसमध्ये आमच्या इमारतीत एका शेजाऱ्यांकडे १९७८ ची कॅप्रिस आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे साताऱ्याचे, १९८४ पासून इथे. गाडी त्यांनी १९९३ मध्ये जुनी घेतली. आता ते कायमचे गावी परतणार, आणि गाडी इथेच, मुलीकडे राहणार. "पोरीला भररस्त्यात दगा देईल अशी गाडी मी तिच्या हाती देणार नाही," हा त्यांचा एकच हट्ट. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळत होतं. ते तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर पडलं तर आगीची भीती. म्हणून क्रँकचं मागचं ऑइल सील मागवलं, अर्थातच १९७८ च्या मॉडेलचं. आलं ते दोन तुकड्यांचं. ऑइल पॅन उतरवून पाहतात तो आत अखंड एक रिंग!

यात पार्ट पाठवणाऱ्याची काही चूक नव्हती. गाडी १९७८ चीच होती, पण इंजिन १९७८ चं नव्हतं. आधीच्या कुणा मालकाने ते कधीतरी बदललेलं.

शेवरलेटचं हे व्ही-आठ इंजिन, ज्याला 'स्मॉल ब्लॉक' म्हणतात, १९५५ मध्ये आलं. त्यातलं प्रसिद्ध ३५० क्युबिक इंचाचं इंजिन १९६७ चं. २०११ मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं, यावरून पसारा लक्षात यावा. बाहेरून ही इंजिनं सख्ख्या भावांसारखी दिसतात, आत मात्र दर काही वर्षांनी बदल होत गेले. १९८६ पासून मागचं सील दोन तुकड्यांऐवजी अखंड झालं. त्याबरोबर ऑइल पॅनचं गॅस्केट बदललं आणि फ्लेक्सप्लेटचे, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या दातेरी तबकडीचे, बोल्टही जवळ सरकले. साधारण १९८७ पासून लोखंडी हेडवर इनटेक मॅनिफोल्डच्या मधल्या बोल्टांचा कोन वेगळा झाला. १९९७ मध्ये आलेलं नवं इंजिन तर नावापुरतंच याच घराण्यातलं.

मग ओळखायचं कसं? सोप्या खुणा आहेत. तेल पाहण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, १९७९ पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला असे, १९८० पासून ती दुसऱ्या बाजूला गेली. अण्णांच्या गाडीत ती दुसऱ्याच बाजूला होती, वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट कडेने असतील तर इंजिन जुन्या पद्धतीचं, मधोमध असतील तर साधारण १९८७ नंतरचं. पण हेड आणि कव्हर बदललेलं असू शकतं, म्हणून शेवटचा शब्द ब्लॉकवरच्या ओतीव नंबराचा. तो इंजिनाच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो त्या कडेवर असतो. काजळी खरवडून बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन पाहिलं, तर नंबर निघाला १४०९३६३८. म्हणजे १९८७ नंतरचा, अखंड सीलचा ब्लॉक. त्या नंबरावरून सील आणि गॅस्केट मागवलं, आणि गळती थांबली.

न बसणारा पार्ट एका अर्थी परवडला, कारण तो तिथल्या तिथे सांगतो की मी तुमचा नाही. धोका बसणाऱ्या पण न जुळणाऱ्या पार्टचा. याच घराण्यातल्या ४०० क्युबिक इंची इंजिनाची फ्लेक्सप्लेट जुन्या ३५० वर व्यवस्थित बसते. पण ४०० चा तोल साधण्यासाठी तिच्यावर मुद्दाम वजन ठेवलेलं असतं. ३५० वर तेच वजन इंजिनाला सतत हादरे देतं आणि बेअरिंग खाऊन टाकतं. गाडी सुरू होते, चालतेही, आणि एक दिवस हायवेवर बंद पडते.

आपल्या मुंबईने याची उलटी बाजू पाहिली आहे. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७ पासून अमेरिकन गाड्यांची जोडणी होत असे. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट, प्लिमथ सॅव्हॉय अशी नावं तीन, पण मुळात गाडी एकच! त्यामुळे एकीचा पार्ट दुसरीला चाले. पुढे आयातीवर बंधनं आली, तेव्हा मिस्त्रींनी लेथवर बुश कातले, कित्येक गाड्यांत डिझेल इंजिनं घातली. आज अशी गाडी मूळ रूपात आणायची तर पहिलं काम तेच : आत काय आहे ते ओळखा.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एवढं करावं. ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्ड यांचे नंबर लिहून गाडीच्या कागदांत ठेवावेत. पिस्टन किंवा बेअरिंग घेण्याआधी मिस्त्रीकडून माप घ्यावं. ३५० चा मूळ बोअर चार इंच, पण तो तीस थाऊ वाढवलेला असेल तर मूळ मापाचा पिस्टन उपयोगाचा नाही. जुना पार्ट नवा बसेपर्यंत फेकू नये. सलमाबादच्या गॅरेजमध्ये किंवा शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारात जाताना तो हातात असावा. अमेरिकेहून मागवणार असाल तर कुरिअरखर्च, पाच टक्के जकात आणि २०२२ पासूनचा दहा टक्के व्हॅट आधीच हिशोबात धरावा. चुकीचा पार्ट परत पाठवायचा तर तो खर्च पुन्हा आपलाच!

अण्णांनी आपल्या गाडीचे सगळे नंबर मुलीला एका वहीत मराठीत लिहून दिले आहेत. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात : "गाडी ७८ ची. इंजिन ८७ नंतरचं. दुकानदाराला आधी हे सांगणे."