काकडीवालीचा वाटा



बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आपल्यापैकी बहुतेकांची एक तरी सहल झाली असेल. मागच्या सहलीहून परतताना एका तरुणाने मला विचारले, "इतके लोक इथे येतात, मग पाड्यांवर पैसा का दिसत नाही?" प्रश्न रास्त होता. मी त्याच्यासमोर आमचा त्या दिवसाचा खर्चच मांडला.

प्रवेशाचे तिकीट वन विभागाचे. कान्हेरी लेण्यांचे तिकीट वेगळे, ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे. वरपर्यंतचे बसभाडे होते, मुलांनी घेतलेल्या सायकलींचे भाडे होते. जेवण घरून नेलेले. पाड्यावरच्या बाईच्या हाती पडले ते फक्त काकडीचे आणि पेरूचे पैसे. त्यातल्या दोन काकड्या माकडांनी आमच्या हातातून पळवल्या, म्हणून तेवढी विक्री जास्त झाली!

शाश्वत पर्यटन म्हणजे जंगलही टिकावे आणि तिथल्या माणसांनाही त्यातून जगता यावे. वारली आणि मल्हार कोळी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वाघोबाला देव मानणाऱ्या वारल्यांना बिबट्यासोबत कसे राहायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. असे वाटाडे शहराला कुठून मिळणार? पण वाटाड्या होणे, घरी चार पाहुण्यांना भाकरी वाढणे, रात्री मुक्कामाला ठेवणे, या सगळ्यासाठी आधी घर आपले असावे लागते. नेमके तेच इथे ठरलेले नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात बंधने कडक आहेत आणि जंगलासाठी ती हवीतही. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून 'अतिक्रमण' हा शब्द पाड्यांच्याही मागे लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने वाट उघडली. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन ताब्यात असलेल्या आदिवासींना हक्क मागता येतो, राष्ट्रीय उद्यानातही. मात्र दावा ग्रामसभेपुढे मांडायचा असतो आणि महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायतच नाही. मग ग्रामसभा कोणाची, इथूनच गाडी अडते.

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत काजवे पाहायला गेलेले लोक गावकऱ्यांच्याच घरी राहतात, जेवतात. पैसा उंबऱ्याच्या आत येतो, कारण घर आणि शेत त्यांचे आहे. तिकडेही सगळे गोड नाही. शेजारच्या भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, आणि गाड्यांच्या दिव्यांनी काजवेच बुजतात. गर्दीला लगाम हवाच. तो घालायचा हक्कही गावाकडे असावा असे मला वाटते.

त्या तरुणाने पुढे विचारले, "मग आपण करायचे काय? काकड्या जास्त घ्यायच्या?" घ्या, जरूर घ्या. पण वनहक्काच्या दाव्याला पुरावे लागतात. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती चालते. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही चालते. पाड्यांवर आठवणारी माणसे आहेत, पण ती सत्तरी-ऐंशीला टेकली आहेत. ज्यांचे अक्षर चांगले आहे आणि रविवारची दुपार मोकळी आहे, त्यांनी मला येऊन भेटावे.