सरबतात विष कुणी कालवलं?

बर्लिन राज्याने डिसेंबर २०२४मध्ये पुढच्या वर्षाच्या सांस्कृतिक खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले. नाटकवाल्यांनी मोर्चे काढले, निवेदनं वाचली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि कपात झाली. त्याच सुमाराला बायर्नच्या शाळांतून गटेच्या 'फाउस्ट'ची सक्ती उठली. पैशांचं सोसेन. मला लागली ती भोवतालची सामसूम. वीस वर्षांपूर्वी याच देशात नाटककार शिलर अख्खा करावा की छाटून, यावर राष्ट्राध्यक्षांपासून माझ्या घरमालकापर्यंत सगळे हमरीतुमरीवर येत होते. आज अख्ख्या नाट्यगृहांची काटछाट होते आणि घरमालक कचऱ्याच्या वर्गीकरणाबद्दल बोलतो.

त्या जुन्या भांडणातही एक मुलगी मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती. लुईझा मिलर, शिलरच्या 'काबाले उंड लीबे'ची नायिका. तिला नेमकं कुणी मारलं, हे विचारायला त्या गदारोळात कुणालाही सवड नव्हती.

'काबाले उंड लीबे' म्हणजे कारस्थान आणि प्रेम. शिलरने ते लिहिलं तेव्हा तो स्वतःच फरार होता. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने त्याला लिहायला बंदी केली, म्हणून तो सप्टेंबर १७८२मध्ये श्टुटगार्टहून पळाला आणि पुढे बाउअरबाख नावाच्या खेड्यात डॉक्टर रिटर असं खोटं नाव घेऊन राहिला. १३ एप्रिल १७८४ला फ्रँकफुर्टमध्ये पहिला प्रयोग झाला. गोष्ट आपल्याला परकी नाही. वाड्यावरचा मुलगा फर्डिनांड, वाजंत्र्याची मुलगी लुईझा. फर्डिनांडचा बाप दरबारातला सर्वेसर्वा. त्याचा चिटणीस वूर्म लुईझाच्या आईबापांना कैद करवतो आणि त्यांच्या सुटकेच्या बदल्यात तिच्याकडून एका भलत्याच दरबाऱ्याच्या नावे प्रेमपत्र लिहून घेतो. वर गप्प राहण्याची शपथ. पत्र फर्डिनांडच्या हाती पडेल अशी व्यवस्था होते. तो तिच्याच घरी येतो, तिलाच लिंबाचं सरबत करायला सांगतो, त्यात विष कालवतो, स्वतः पितो आणि तिला पाजतो. मरण समोर दिसल्यावर लुईझा शपथेतून मोकळी होते आणि खरं सांगते. तोवर उशीर झालेला असतो.

यात दैव कुठे आहे? कुठेच नाही, आणि शिलरचं मोठेपण तिथेच आहे. योगायोग असा की गेओर्ग फॉर्स्टरने 'शाकुंतल' जर्मनमध्ये आणलं तेव्हा त्यातले काही प्रवेश १७९०मध्ये शिलरच्याच 'थालिया' नियतकालिकात छापले गेले. पुढच्या वर्षी पुस्तक आलं आणि गटेसकट अवघा जर्मनी शकुंतलेच्या प्रेमात पडला. महाभारतातला दुष्यंत तिला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप मध्ये घालून राजाला साफ सोडवलं. शिलरकडे दुर्वास नाही. शापाचं काम तिथे एक चिटणीस करतो, कागद आणि शाई घेऊन. आपल्याकडे घरातल्यांनीच पोरगी मारली तरी आळीत 'नशिबात होतं' म्हणतात. शिलरने ती पळवाट १७८४मध्येच बुजवली होती.

नंतरची दोनशे वर्षं मी झपाट्याने ओलांडते. व्हेर्दीने १८४९मध्ये त्याचा ऑपेरा केला, एंगेल्सने राजकीय नाटक म्हणून त्याची पाठ थोपटली, शाळामास्तरांनी मुलांना त्यावर निबंध लिहायला लावले. इस्तंबूलमध्ये निर्वासित होऊन राहिलेल्या समीक्षक आउअरबाखने त्यावर लिहिलेलं प्रकरण तेवढं आवर्जून वाचावं. पूर्व जर्मनीतले दिवस मला ऐकूनच माहीत: दिग्दर्शक फ्रित्स बेनेविट्झ आणि विजया मेहता यांची देवाणघेवाण, लाइपझिगमध्ये जर्मन नटांना घेऊन विजयाबाईंनी केलेलं शाकुंतल. ते बघायला मी इथे नव्हते, याची हळहळ अजून वाटते.

मी बर्लिनला आले नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नवऱ्याच्या नोकरीमागे. पहिली वर्षं भाषेच्या शिकवणीत आणि सरकारी रांगांत गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं दशक सुरू झालं सप्टेंबर २००१च्या अखेरीस, डॉइचेस थिएटरमध्ये मिखाएल थालहायमरने लेसिंगचं 'एमिलिया गालोटी' बसवलं तेव्हा. हे १७७२चं नाटक शिलरच्या नाटकाची थोरली बहीणच. राजपुत्राच्या तावडीतून अब्रू वाचवायची म्हणून बाप लेकीच्या छातीत खंजीर खुपसतो. थालहायमरने ते जेमतेम ऐंशी मिनिटांवर आणलं. नेपथ्यकार ओलाफ आल्टमानच्या उंच, मागे निमुळत्या होत जाणाऱ्या लाकडी भिंती. वाँग कार-वाईच्या सिनेमातलं व्हायोलिन पुन्हा पुन्हा. एमिलिया झालेली रेगीने त्सिमरमान त्या भिंतींमधून सरळ आपल्या अंगावर चालत येते. शेवटी भिंतींची दारं उघडतात, नाचणारी जोडपी आत शिरतात आणि एमिलिया त्या नाचात नाहीशी होते. बाप तिला मारताना दिसतच नाही.

इतकं देखणं मी फार थोडं पाहिलं आहे. रडलेही. पण घरी जाताना भुयारी रेल्वेत डोकं तापलं. खंजीर नाही, म्हणजे खुनी नाही. राजपुत्र पोळलेला प्रेमी, बाप हतबल, भिंती सुंदर. ज्या दैवाला लेसिंग-शिलरने दाराबाहेर काढलं, ते व्हायोलिन वाजवत खिडकीतून परत आलं होतं. आमच्या नाटकवेड्या टोळक्यातल्या एका जाणकाराने तेव्हा मला हिणवलं, "तुला अजून गोष्ट लागते!" हो, लागते. त्या गोष्टीत एक मुलगी मरते आणि ती कुणाच्या हातून, हे मला कळावं लागतं.

मग आलं २००५, शिलरची दोनशेवी पुण्यतिथी. १७ एप्रिलला बर्लिनर आन्साम्बलमध्ये राष्ट्राध्यक्ष होर्स्ट क्योलर यांनी भाषण केलं आणि अभिजात नाटकं तुकडे न करता अखंड दाखवा, असं बजावलं. झालं! वर्तमानपत्रांतून संहितानिष्ठ आणि दिग्दर्शकनिष्ठ असे दोन तट पडले. मराठी मंडळींच्या दिवाळी फराळातसुद्धा वाद पोचला. चकल्या चघळल्या नसतील इतका तो सगळ्यांनी चघळला. एक तट म्हणे सगळे शब्द हवेत, दुसरा म्हणे शब्दच नकोत. त्याच वर्षी लेआंडर हाउसमानने टीव्हीसाठी 'काबाले' केलं. त्यात आउगुस्ट डीलसारखा फर्डिनांड, त्याला दोष देणार कोण? अख्ख्या दशकात मला एकही समीक्षण आठवत नाही, ज्यात हा फर्डिनांड मेजरसाहेब एका पत्राच्या भरवशावर मुलीला विष पाजतो, याबद्दल त्याचा कान धरला होता. तो तर प्रेमवीर. कापाकापीवर पानंच्या पानं, खुनावर अवाक्षर नाही.

तरीही त्या दशकावर माझा जीव होता. लोक रागाने उठून जात, दारं आपटत, आणि पुढच्या महिन्यात परत येत. २००९च्या उन्हाळ्यात ते एकाएकी विस्कटलं. ११ जूनला दिग्दर्शक युर्गेन गोश गेला, ३० जूनला नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश, ३० जुलैला दिग्दर्शक पेटर त्साडेक. मधल्या २५ जुलैला कादंबरीकार डानिएल केलमानने साल्झबुर्ग महोत्सवाच्या उद्‌घाटनात दिग्दर्शकांच्या रंगभूमीवर तोफ डागली. ज्यांच्या पिढीवर ती रोखलेली होती, त्यांतले बिनीचे लोक त्या दोन महिन्यांतच मावळत होते. थालहायमरच्या नाटकात राजपुत्र झालेला स्वेन लेमान २०१३मध्ये गेला, तेव्हा मी ते व्हायोलिन पुन्हा लावून ऐकलं. राग होता तो दिग्दर्शकावर, त्याच्यावर नव्हता.

नंतरच्या दहा-बारा वर्षांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. कॅमेरे रंगमंचावर आले, सूक्ष्मध्वनिक्षेपक गालाला चिकटले.

आता काटा दुसऱ्या टोकाला गेला आहे. प्रयोगाआधीच संकेतस्थळावर सूचना: नाटकात हिंसा आहे, आत्महत्येचा विचार आहे. फर्डिनांड प्रवेश करतो तोच आरोपी म्हणून. हल्लीच एका लहान नाट्यगृहात 'काबाले' पाहिलं. प्रयोगानंतर चर्चा होती. पंचविशीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ही शोकांतिका वगैरे काही नाही, सरळ स्त्रीहत्या आहे. मी मनात म्हटलं, बाई गं, वीस वर्षं उशिरा आलीस, पण आलीस. मात्र तिच्या लेखी खटला तिथेच संपला होता. वूर्म त्या प्रयोगात विनोदी पात्र झाला होता. आणि तो म्हातारा खिदमतगार गायबच.

नाटकात त्याच्या वाट्याला एकच प्रवेश. राजाच्या रखेलीकडे, लेडी मिलफर्डकडे, तो हिऱ्यांची भेट घेऊन येतो आणि किंमत विचारल्यावर सांगतो, की कालच सात हजार तरुण अमेरिकेला लढायला विकून हे हिरे आले. त्यात त्याचे स्वतःचे मुलगेही आहेत. ही थाप नव्हती. हेसनचे राजे खरोखर असे शिपाई विकत होते. लुईझाचं घर ज्या राज्यात चिरडलं जातं ते राज्य काय चीज आहे, हे त्या एका प्रवेशात समजतं. फर्डिनांडने विष कालवलं हे खरंच. पण ते पत्र लिहून घेणारी कचेरी त्याच्या बापाची होती आणि बाप राजाचा नोकर होता.

मी हात वर करून विचारलं, खिदमतगार कुठे गेला? उत्तर द्यायला बसलेला तरुण प्रामाणिक होता. म्हणाला, कपातीनंतर एका प्रवेशासाठी एक नट ठेवणं आम्हाला परवडत नाही.

शिलरचा राजा तसा मुळातही रंगमंचावर येत नाही. आता त्याची हिरे-खरेदीही पडद्याआड गेली.