प्रकाशित सॉफ्टवेअरचे शिक्कामोर्तब

जालना जिल्ह्यातील धावड्याचा शेतकरी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ज्या भरवशावर सादर करतो, त्याच भरवशाची तजवीज सॉफ्टवेअरच्या प्रकाशनातही असते. ‘शा२५६सम’ ही आज्ञा फाइलचा चौसष्ट चिन्हांचा ठसा काढते, आणि मजकुरातील एक अक्षर पालटले तरी तो ठसा बदलतो. ‘जीपीजी’ ही आज्ञा, जिची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ साली निघाली, ती सॉफ्टवेअरच्या कर्त्याच्या गुप्त किल्लीने फाइलवर स्वाक्षरी करते. आणि १९९६ पासून प्रचारात असलेली ‘आरसिंक’ ही आज्ञा केवळ बदललेला अंश पाठवून दूरदूरच्या सर्व्हरवरील नकला मूळ दप्तराशी जुळत्या ठेवते. मात्र, किल्ली कर्त्याचीच आहे याची स्वतंत्र मार्गाने खातरजमा केल्याखेरीज स्वाक्षरी निरर्थक होय. वाचकांनी सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी ‘जीपीजी --व्हेरिफाय’ ही आज्ञा अवश्य चालवावी.